घोरपडीची लाळ आणि सुंदराबाईंचं मटण

माणसाची अब्रू कुठे जावी, याचे काही संकेत ठरलेले आहेत. ती कोर्टात जाते, बाजारात जाते, निवडणुकीत तर हमखास जाते. जनू भोईर यांची अब्रू प्लॅस्टिकच्या खुर्चीत गेली.

अंबरनाथच्या जुन्या गावठाणातली भोईर आळी. पुतण्याची हळद. जनूशेठ जेवून, तृप्त होऊन मांडवातल्या मानाच्या खुर्चीवर टेकले, आणि खुर्चीने चार पाय चार दिशांना पसरून लोटांगण घातलं. बँजोवाले थांबले. नाचणाऱ्या बायका थांबल्या. थांबला नाही तो हिरामणचा कॅमेरा. हिरामण आळीतल्या झाडून सगळ्या लग्नांचं शूटिंग करतो आणि झाडून सगळ्या घरांना सल्ले देतो. त्याने लग्नाच्या सीडीत जनूशेठचं पडणं तीनदा घातलं. एकदा सरळ, एकदा उलट, म्हणजे जनूशेठ जमिनीवरून उठतात आणि मोडकी खुर्ची त्यांच्याखाली आपोआप सांधली जाते, आणि एकदा अगदी सावकाश, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताना. कलावंत माणूस. पंधरवड्यात ती सीडी बदलापूरच्या पाहुण्यांकडे पोचली, आणि तिथली पोरं जनूशेठ दारात दिसले की खुर्च्या आत नेऊ लागली.

साखरेचा आजार जनूशेठना जुनाच होता. गोळ्या चालू होत्या. भात, मासळी आणि जिलेबीही चालू होती. सगळ्यांना समान वागणूक देण्याचा त्यांचा स्वभाव. पण खुर्चीचा घाव जिव्हारी लागला आणि ते थेट डॉक्टर चिंतामणींकडे जाऊन म्हणाले, "डॉक्टर, काय पण करा, पण हे पोट उतरवा."

डॉक्टर चिंतामणी शांत गृहस्थ. समोरच्याला न कळणारं काही सांगायचंच नाही, हा त्यांचा बाणा. ते म्हणाले, "हे बघा जनूशेठ, आपण जेवलो की आतड्यातून एक निरोप्या निघतो. तो स्वादुपिंडाला सांगतो, साखर आली, कामाला लाग. जठराला सांगतो, जरा दमाने. आणि मेंदूला सांगतो, पुरे आता. तुमचा निरोप्या वाटेत कुठेतरी झोपतो. आता एक नवीन इंजेक्शन आलंय. ते म्हणजे या निरोप्याचा तोतया. खऱ्यासारखाच दिसतो, खऱ्याचंच काम करतो, आणि खऱ्यापेक्षा जास्त वेळ टिकतो."

जनूशेठचा जन्म नकली मालासाठी नावाजलेल्या उल्हासनगरच्या शेजारी गेलेला. तोतया खऱ्यापेक्षा जास्त टिकतो, हे त्यांना नव्याने सांगायची गरज नव्हती.

"बनवतात कशाचं?"

"अमेरिकेच्या वाळवंटात आपल्या घोरपडीसारखा एक प्राणी आहे. वर्षात फार थोड्या वेळा जेवतो. त्याच्या लाळेत हे द्रव्य सापडलं. आता कारखान्यात त्याची नक्कल करतात. तुमच्यासाठी कोणी घोरपड थुंकवत नाही, काळजी नसावी."

जनूशेठना आपले आजोबा आठवले. त्यांनी घोरपड खाल्ली होती. आता घोरपड नातवाचं जेवण खाणार होती. व्यवहार चोख.

मग डॉक्टरांनी नियम सांगितले. पेनासारखं दिसणारं इंजेक्शन. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी तासाभरात पोटाला टोचायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात चुकूनही नाही. एकदा गोठलं की संपलं. सुरुवातीला मळमळेल. मात्रा ठरलेली आहे, स्वतःच्या मनाने वाढवायची नाही. जनूशेठनी पाचही नियमांना मान डोलावली. त्यातले अर्धे पायरी उतरेपर्यंत टिकले.

एक नियम मात्र त्यांनी स्वतः केला: हे कोणाला कळता कामा नये. भोईर आळीत गोळी म्हणजे आजार आणि सुई म्हणजे निरोपाची सुरुवात. सुई लागल्याचं कळलं असतं, तर आळी केळी आणि मोसंबी घेऊन रडायला आली असती. शिवाय पोट सुईने उतरलं यात मर्दुमकी ती कसली? म्हणून जनूशेठनी जाहीर केलं की आपण रोज सकाळी शिवमंदिराच्या रस्त्याने चालायला जातो. ते जातही होते, पहिल्या मोरीपर्यंत. तिथे पुरेसा वेळ बसून, तोंडावर पाणी मारून घामाघूम परत येत. तोतया निरोप्याने आपलं काम इमानाने केलं. दोन घास झाले की पोट म्हणायचं, झालं की मघाशीच. सदरे सैल झाले. मग "चालणं म्हणजे तपश्चर्या आहे" असं प्रवचन सुरू झालं, आणि ते ऐकून हिरामणही चालायला लागला. तो मोरीच्या दुसऱ्या बाजूने यायचा आणि वडापावच्या गाडीवर थांबायचा. त्याचं वजन वाढलं. "प्रत्येकाला चालणं मानवत नाय," जनूशेठ त्याला समजावत.

आता औषध अंबरनाथच्या दुकानातून घेतलं तर ते पेन घरी यायच्या आधी बातमी आली असती. म्हणून जनूशेठ उल्हासनगर कॅम्प चारमध्ये परमानंदच्या मेडिकलला जात. "साईं, ये हर किसी के पास नहीं मिलता. एकदम ओरिजिनल आयटम है," परमानंद म्हणाला. 'ओरिजिनल' हा शब्द ऐकताच जनूशेठनी पेन उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, अक्षरं नखाने खरवडून बघितली. परमानंद दुखावला. "साईं, पँट नहीं है, दवाई है." औषध खरं निघालं. इतकं खरं निघायला नको होतं, हे जनूशेठना पुढे कळलं.

कॅम्प चारमध्ये जनूशेठचं आणखी एक गुपित राहत होतं. त्यांचा मुलगा कमलेश बदलापूरच्या एका ऑफिसात कामाला होता. तिथेच काम करणाऱ्या यशोधराशी त्याला लग्न करायचं होतं. ती रामभाऊ ओव्हाळांची मुलगी. बौद्ध घर, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगी शिकलेली आणि शांत. जनूशेठ जातपात मानत नव्हते. फक्त लोक मानतात, हे ते मानत होते. त्यामुळे "मना काय नाय रं, पण आळी काय बोलंल?" या एका वाक्यावर त्यांनी पावसाळा आणि हिवाळा काढला. शेवटी पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, "आळीला बोलाला आळीचा तोंड हाय. तुमी तुमच्या तोंडानं काय ता सांगा." तेव्हा जनूशेठ हो म्हणाले. पण आळीला सांगायचं काम राहिलं ते राहिलंच. उल्हासनगरला कशाला जाता, असं कोणी विचारलं की ते सांगत, "पलंग बघाला." औषधाला गेले तरी पलंग, व्याह्यांना भेटायला गेले तरी पलंग. महिनोन् महिने आळी विचारत होती, "शेठ, गावला का पलंग?" असा कोणता राजेशाही पलंग हा माणूस शोधतोय, याविषयी मोठमोठे अंदाज बांधले जात होते.

मध्ये विजेचं भारनियमन वाढलं. रोज तास न् तास वीज नाही, आणि औषध तर थंड हवं. जनूशेठ वीज कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "तक्रार काय?"

"एक वस्तू हाय. थंड ठेवाची हाय."

"मासळी?"

"मासळीच समजा."

"मग खाऊन टाका. वीज येईपर्यंत कशाला ठेवता?"

"रोज थोडी थोडीच खावी लागतं."

कारकुनाने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "शुगर आहे का? माझ्या मेव्हण्याला होती. जांभळाच्या बियांचं चूर्ण घ्या." एवढं बोलून त्याने खिडकी लावली. भारनियमन तसंच राहिलं. जनूशेठनी बर्फाचा थर्मास घेतला आणि त्यात पेन प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू लागले. हा थर्मास पाहून आळीने ठरवलं की शेठ हल्ली थंडाई पितात.

अशात रामभाऊंचं आमंत्रण आलं. रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवायला यायचं. रामभाऊंची आई सुंदराबाई स्वतः मटण करणार होत्या. त्यांच्या हातच्या मटणासाठी लोक नगरहून येतात, असं कमलेशने बजावलं आणि वर म्हणाला, "पप्पा, प्लीज, तिथं नीट जेवा. आजीनं हो म्हटलं की सगळं फिक्स."

जनूशेठना काळजी पडली. इतकं मटण, इतका आग्रह. साखर कुठे जाईल? त्यांनी हिरामणला आडून विचारलं. "समज, माझ्या वलखीचा एक माणूस हाय. तो जेवाच्या आधी औषध घेतं. जेवान जड असला तर त्यानं काय करावा?"

हिरामणने आयुष्यात कोणत्याही प्रश्नाला 'मना म्हायती नाय' असं उत्तर दिलेलं नव्हतं. "सोपा हाय शेठ. एक एकराला एक गोणी खत टाकतो ना आपून? दोन एकर असला तर दोन गोणी."

ज्या माणसाचे बापजादे शेती करत आले, त्याला हा हिशेब पटणारच. डॉक्टरांचा पाचवा, मात्रेचा नियम तेवढा आठवला नाही. रविवारी निघण्याआधी जनूशेठनी न्हाणीघरात जाऊन एकदा टोचलं, आणि मग आणखी एकदा टोचलं. दोन गोणी.

रिक्षात त्यांना छान वाटत होतं. आळीला "पलंग" असं सांगून ते, सगुणाबाई आणि कमलेश कॅम्प चारला पोचले. रामभाऊ दारात उभे. "जय भीम!" जनूशेठनी उत्तराची आरशासमोर तयारी केली होती. तोंडातून "जय भीम राम राम" असं एकत्रच निघालं. रामभाऊ हसले. घर दोन खोल्यांचं, पण लख्ख. पाहुण्यांसाठी चटया अंथरलेल्या. सुंदराबाई ऐंशीच्या पुढच्या, पण पदर खोचून चुलीपाशी. बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास, वाटलेल्या मसाल्याचा वास, मटणाचा वास. एरवी या वासावर जनूशेठ अंबरनाथहून उल्हासनगरला चालत आले असते, आणि तेही खरोखर.

ताट समोर आलं. आणि पोटात दोन तोतये एकदम उठून उभे राहिले.

कपाळाला गार घाम सुटला. रश्श्यावरची तर्री डोळ्यांपुढे हेलकावे खाऊ लागली. "घ्या ना व्याहीबुवा," रामभाऊ म्हणाले. जनूशेठनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला. पुढे जाईना, मागे येईना. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. मग जनूशेठनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, उठले, चटई ओलांडली, उंबरा ओलांडला, आणि बाहेरच्या गटारापाशी वाकले.

ते परत आले तेव्हा कोणीही जेवत नव्हतं.

"पोट बरं न्हाई का, पाव्हणं?" सुंदराबाईंनी विचारलं. आवाजात काही नव्हतं. ना राग, ना काळजी. त्या ताटाकडे बघत होत्या.

"नाय नाय, आजी, वास इतका..." जनूशेठ म्हणाले आणि अडले. वाक्य वाईट ठिकाणी तुटलं होतं.

रामभाऊ फार हळू बोलले. "आमच्या वडिलांच्या लग्नात गावच्या पाटलाला जेवायला बोलावलं होतं. त्याला नेमका त्या दिवशी उपास होता. माझ्या बढतीच्या पेढ्यांच्या वेळी साहेबांना मधुमेह निघाला. आमच्याकडे ताट वाढलं की लोकांना काही ना काही होतंच. आम्हाला सवय आहे."

"अहो, नाय हो! मना इंजेक्शन हाय!"

"इंजेक्शन?"

"पोट कमी करायचा. म्हणजे साखरेचा. घोरपडीच्या थुंकीचा."



"उपास ऐकला," रामभाऊ म्हणाले. "संकष्टी ऐकली. पोटदुखी, दाढदुखी, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, सगळं ऐकलं. घोरपडीची थुंकी पहिल्यांदाच. मेहनत घेतलीत व्याहीबुवा, मानलं."

"अमेरिकेतली घोरपड," जनूशेठ कळवळून म्हणाले. त्याने काही सुधारलं नाही.

"तुम्ही तर चालून वजन उतरवलंय ना? कमलेशच सांगत होता. रोज देवळापर्यंत." तपश्चर्येची फळं अशी वेळ बघून पिकतात. रामभाऊंनी पाण्याचा तांब्या सरळ केला. "आमच्या घरचा घास ज्यांच्या घशाखाली उतरत नाही, त्यांच्या घरी माझी मुलगी नांदायला जाणार नाही. राग नाही. चहा घेऊन जा. चालत असेल तर."

परतीच्या रिक्षात कमलेश एवढंच म्हणाला, "पप्पा, नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं ना. हे असलं नाटक कशाला?" आणि जनूशेठना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की माणूस खरं बोलत असला तरी त्याच्यावर विश्वास बसायला आधी थोडं खरं बोललेलं असावं लागतं. आळीच्या तोंडाशी हिरामण उभा होता. "शेठ, गावला का पलंग?"

चार दिवस घरात अबोला. पाचव्या दिवशी जनूशेठ एकटेच कॅम्प चारला गेले. रामभाऊ दारातच थांबले. आत या म्हणाले नाहीत. मागून यशोधरा डोकावली, तिचे डोळे सुजलेले. जनूशेठ म्हणाले, "रामभाऊ, माझे घरी या. माझी बायको जेवान करंल. तिच्या हातचा पन माझ्या नरड्याखाली उतरत नाय, ता तुमच्या डोल्यानं बघा. तिच्यात तर जातबित नाय ना आडवी येत?"

पाहुण्यांना जेवायला बोलावून आपण कसं जेवू शकत नाही हे दाखवण्याचा समारंभ उल्हास नदीच्या खोऱ्यात यापूर्वी झाल्याचं ऐकिवात नाही. रामभाऊ नको म्हणणार होते. पण आतून सुंदराबाई म्हणाल्या, "जाऊ की. घोरपडीची करामत तरी बगू." मग त्या उंबऱ्यापाशी आल्या. "पर पाव्हणं, घरात न्हाई. अंगणात, आळीम्होरं. चार माणसं साक्षीला पायजेत."

"आळीम्होरं?" जनूशेठचा आवाज बारीक झाला.

"का? तुमच्या आळीला म्हाईत न्हाई का आमी कोण?"

जनूशेठनी त्यांच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं. "सांगतो," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी हिरामणला बोलावून दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या: पोट सुईने उतरलंय, आणि कमलेशची बायको ओव्हाळांच्या घरातली येणार आहे. हिरामणला एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगायचे कष्ट वाचतात. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे पलंग नायच?" जनूशेठ म्हणाले, नाय. हिरामणला त्याचंच जास्त वाईट वाटलं. आळीने बातमी चघळली. काही तोंडं वाकडी झाली; पण सरड्याची, पालीची की घोरपडीची थुंकी, हा वाद इतका पेटला की जातीसाठी फारसा वेळ उरला नाही.

रविवार आला. अंगणात चटया पडल्या. आळी भिंतीवर, जिन्यावर, गच्चीवर. हिरामणने कॅमेरा तिकाटण्यावर लावला. रामभाऊ, यशोधरा आणि सुंदराबाई रिक्षातून उतरले. सुंदराबाईंच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता; काय आहे हे कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जनूशेठनी सदरा वर केला आणि सगळ्या आळीसमोर पोटाला टोचून घेतलं. गच्चीवरून कोणीतरी "आई गं" म्हणालं. मग सगळे बसून राहिले, मळमळीची वाट बघत. वरातीची वाट बघतात तशी. हिरामणने एकदा येऊन विचारलं, "शेठ, काय वाटतं? जरा कॅमेऱ्याकडं बघून सांगा."

काय वाटतं ते सांगण्यासारखं नव्हतं. जनूशेठना भूक लागत होती. साधी भूक नाही. इतक्या महिन्यांची थकलेली, व्याजासकट आलेली भूक. स्वयंपाकघरातून चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांच्या, कालवणाचा वास येत होता आणि पोटातला निरोप्या चक्क गायब होता.

"सगुणा," त्यांनी कुजबुजत विचारलं, "पेन कुठं ठेवला होता गो?"

"काल रातचे कोलंबी आनली, फ्रिजात खाली जागा नव्हती. म्हणून बर्फात ठेवला. तुमीच बोलला ना, औषध थंड ठेव? आज सकाली काढला. चांगला थंड झाला हाय."

चौथ्या नियमाने असा सूड घेतला. सगळ्या आळीसमोर जनूशेठनी पोटात नुसतं पाणी टोचून घेतलं होतं.

ताट आलं. चिंबोऱ्यांचं कालवण, तळलेली सुरमई, कोलंबी, गरम तांदळाची भाकरी. ज्या माणसाने आयुष्यभर ताटाला पाठ दाखवली नाही, त्याला आज भुकेल्या पोटी त्याच ताटासमोर किळस आल्याचं दाखवायचं होतं. नाहीतर तो खोटा, आणि मुलाचं लग्न मोडलं. जनूशेठनी घास उचलला. घास तोंडात गेला. अहाहा. डोळे आपोआप मिटले. आणि त्याच क्षणी भानावर येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि आवाज काढला, "ओऽऽक."

आळीने श्वास रोखला. कमलेशच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी आशा दिसली. रामभाऊ पुढे झुकले.

"पुन्ना करा बरं," सुंदराबाई म्हणाल्या.

"ओऽऽक."

"पाव्हणं," सुंदराबाई म्हणाल्या, "हे खोटं हाय."

गच्चीवर कोणीतरी फिस्सकन हसलं. जनूशेठची मान खाली गेली. कमलेशने डोळे मिटले.

"सात लेकरं वाढवली म्या. शाळा चुकवायची वांती येगळी आन् खरी वांती येगळी. ह्या वांतीत तुमी घास गिळला, मंग आवाज काढला." सुंदराबाई रामभाऊंकडे वळल्या. "रामा, पर त्या दिशीची खरी व्हती. त्या दिशी कपाळाला घाम व्हता, व्हट पांढरं पडलं व्हतं. सोंग आणता येतं, घाम आणता येत न्हाई. मला त्या दिशी येवढं कळलं न्हाई, मी निस्तं ताट बगत बसले. ह्या माणसाला सोंग येतच न्हाई, हे आज कळलं."

जनूशेठ मान वर न करता म्हणाले, "आजी, औषध बर्फात मेला. आज मना मळमळ नाय. भूक लागलीय."

"किती लागलीय?"

"लय."

सुंदराबाईंनी चिंबोऱ्यांचं ताट हाताने बाजूला सारलं. फडक्याची गाठ सोडली. डबा उघडला. बाजरीच्या भाकरी आणि मटण. पहाटे उठून, पुन्हा तसंच केलेलं. त्यांनी ते जनूशेठपुढे ठेवलं.

"मंग हे खावा."

भिंतीवरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जे लपवायला जनूशेठनी महिनोन् महिने पलंग शोधला होता, ते सगळं समोर उघड्या डब्यात होतं. आणि ज्यांच्यापासून लपवलं, ते सगळे बघत होते. जनूशेठनी भाकरी चुरली. रस्सा ओतला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग मोजायचं कारण उरलं नाही. नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं. मसाला तिखट होता, असं ते नंतर सांगत. डबा भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून त्यांनी वर पाहिलं.

"आजी, आजून हाय?"

"आता न्हाई. आमच्या घरी या मंग," सुंदराबाई म्हणाल्या. आणि रामभाऊंना जरा खालच्या आवाजात, पण गच्चीवर ऐकू जाईल असं: "आपल्या दोन खोल्यांत जेवला असता, तर ते चार भिंतींनी बगितलं असतं. आता त्याच्या आळीनं बगितलं. लग्नाची तारीख काढा."

रामभाऊंनी रुमाल काढून चष्मा पुसला. मग जनूशेठपुढे पाण्याचा तांब्या केला. यशोधरा आणि कमलेश कोणीकडे बघत होते हे कोणी बघितलं नाही. सगळे हिरामणकडे बघत होते. तो कॅमेऱ्यामागून ओरडत होता, "शेठ, शेवटचा घास पुन्हा एकदा घ्या, बॅटरी गेली होती!"

सगळं असं गोड झालं, असं समजून जनूशेठ समाधानाने हात धुवायला उठले. दारात सगुणाबाई उभ्या होत्या. हातात चिंबोऱ्यांचं ताट, जसंच्या तसं.

"व्याह्यांकडचा डबा पुसून खाल्ला. बरा झाला. पहाटपासून मी राबतंय, माझ्या हातचा एक घास घेतला, आनि त्यावर ओक्का काढला. आख्ख्या आळीम्होरं." त्यांनी ताट चटईवर ठेवलं. "आता काय समजायचा मी?"

जनूशेठनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा सुंदराबाईंकडे. त्या गालातल्या गालात हसत होत्या. मग ते निमूट पुन्हा मांडी घालून बसले.

सोमवारी डॉक्टर चिंतामणींनी साखर तपासली, मशीन झटकलं, पुन्हा तपासली. "काय खाल्लंत?"

"डॉक्टर," जनूशेठ म्हणाले, "कुनाला नाय म्हणू, ता तुमी सांगा."

डॉक्टरांनी नवं पेन लिहून दिलं, आणि लग्नाच्या हळदीसाठी एक जास्तीची सूचना: बसायला लोखंडी खुर्ची घ्या. जनूशेठ तिथूनच उल्हासनगरला गेले. खुर्ची घेतली, आणि अब्रूचा प्रश्न होता म्हणून एक पलंगही.